ताटाची वेळ आणि पोटातील घड्याळ

कावळ्यास घड्याळ कळत नाही, पंचांग तर त्याहूनही कळत नाही. तरी ज्या घरी वैश्वदेवानंतर नित्य काकबळी ठेवण्याची चाल आहे, त्या घरच्या कठड्यावर तो पाने वाढली जाण्यापूर्वीच येऊन बसलेला दिसतो. दोहनाची वेळ जवळ आली की गाय दाव्याशी चुळबुळ करू लागते आणि चरवीचा आवाज होण्याच्या आधीच हंबरते. घरचे मांजर दुधाच्या वेळेस बरोबर उंबऱ्यावर हजर असते. या गोष्टी आपल्या इतक्या परिचयाच्या आहेत की, 'सवय' हा एक शब्द उच्चारून आपण त्यांचा निकाल लावतो. परंतु सवय म्हणजे नेमके काय? प्राणी वास, आवाज, सावली अशी बाहेरची काही खूण ओळखून येतो, की त्याच्या शरीरातच काळ मोजणारे एखादे यंत्र आहे? या प्रश्नाचा पिच्छा गेल्या शंभर वर्षांत अनेक विद्वानांनी मोठ्या चिकाटीने पुरविला. आणि त्यांस जे उत्तर मिळाले, ते मुक्या प्राण्यांपुरते न राहता आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोचले आहे. तेच आज वाचकांपुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम मधमाश्यांची हकीकत सांगू. ऑगस्ट फोरेल या नावाचे एक स्विस वैद्य व कीटकशास्त्रज्ञ होऊन गेले. ते उन्हाळ्यात घराबाहेरच्या ओट्यावर न्याहारीस बसत व टेबलावर फळांचा मुरंबा असे. त्या मुरंब्यासाठी मधमाश्या येऊ लागल्या. पुढे फोरेल यांच्या असे ध्यानात आले की, ज्या दिवशी मुरंबा मांडलेलाच नसे त्या दिवशीही माश्या न्याहारीच्या वेळेस येऊन रिकाम्या टेबलाभोवती घिरट्या घालीत. मुरंबा नाही म्हणजे वास नाही. मग त्यांस वेळ सांगितली कोणी?

या निरीक्षणास प्रयोगाची जोड १९२९ साली मिळाली. म्यूनिक येथे कार्ल फोन फ्रिश यांच्या हाताखाली इंगेबोर्ग बेलिंग नावाच्या विदुषी अभ्यास करीत होत्या. त्यांनी माश्यांच्या अंगावर रंगाचे ठिपके देऊन एकेक माशी ओळखीची करून घेतली, आणि रोज दुपारी चार ते सहा या दोनच तासांत त्यांस साखरेचे पाणी दिले. काही दिवसांनी एके दिवशी वाटी रिकामी ठेवून त्या दिवसभर टिपण करीत बसल्या. माश्या आल्या त्या बहुतेक चारच्या सुमारास; बाकीच्या वेळी वाटीकडे क्वचितच एखादी फिरकली. मग बेलिंग यांनी दर एकोणीस तासांनी अन्न देऊन पाहिले. तेव्हा माश्यांस काही केल्या वेळ साधेना! चोवीस तासांचे गणित त्यांस येते, एकोणिसाचे येत नाही. म्हणजे माशी काही शिकवू ते पाठ करणारी विद्यार्थिनी नव्हे. तिच्या अंगी जे घड्याळ आहे ते मुळातच अहोरात्राच्या मापाचे घडविलेले आहे.

माशीस अशा घड्याळाचा उपयोग काय, असे कोणी विचारील, तर त्याने आपल्या परसातील मांडवाखाली जाऊन उभे राहावे. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते व दुपारच्या आत मिटून जाते. दोडक्याचे फूल उलट दिवस कलल्यावर उमलते, आणि गुलबक्षीही सायंकाळचीच. प्रत्येक फुलाची पंगत निरनिराळ्या वेळी वाढली जाते. ज्या माशीस या वेळा ठाऊक नाहीत तिने दिवसभर व्यर्थ फिरावे व उपाशी परतावे. जिला ठाऊक आहेत तिचे पोळे भरते. तात्पर्य, अन्नाची वेळ ओळखणे ही चैन नसून प्राणिमात्राच्या उपजीविकेची ती एक अट आहे.

तरी एक शंका उरतेच. माशी सूर्याकडे पाहून वेळ ओळखीत नसेल कशावरून? या शंकेचे निरसन माक्स रेनर यांनी १९५५ साली ज्या रीतीने केले, ती वाचून वाचकांस मौज वाटेल. त्यांनी पॅरिस येथे एका बंद खोलीत, जेथे प्रकाश व उष्णमान सदैव सारखे ठेवलेले होते, माश्यांस रोज ठराविक वेळी अन्न घेण्याची सवय लाविली. नंतर त्या माश्या विमानाने न्यूयॉर्क येथे नेऊन अगदी तशाच खोलीत सोडल्या. समुद्र ओलांडला, सूर्य मागे पडला, गावचे घड्याळ बदलले. परंतु माश्या जेवणास निघाल्या त्या पॅरिसच्या वेळेवर, म्हणजे मागच्या जेवणास बरोबर चोवीस तास झाल्यावर. घड्याळ बाहेर नाही, आत आहे, यास याहून उघड पुरावा कोणता पाहिजे?

आता माश्यांकडून जरा मोठ्या प्राण्यांकडे वळू. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे कर्ट रिश्टर यांनी १९२२ च्या सुमारास उंदरांवर प्रयोग केले. उंदरास दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी अन्न दिले, तर ती वेळ येण्याच्या बरेच आधीपासून तो पिंजऱ्यातील चाकावर धावू लागतो. आपल्या मुलांस शाळा सुटण्यापूर्वी जशी चुळबुळ लागते तसाच हा प्रकार. नुसती भूक हे याचे कारण म्हणावे, तर अन्नाच्या वेळांतील अंतर चोवीस तासांच्या आसपास असेल तरच ही आधीची धावपळ दिसून येते. अंतर फार कमी अथवा फार अधिक केले तर ती नाहीशी होते. तेव्हा भूक निराळी आणि भुकेची वेळ ओळखणे निराळे.

पुढे १९७२ साली दोन ठिकाणच्या संशोधकांनी हे घड्याळ मेंदूत कोठे आहे ते शोधून काढिले. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या मज्जा जेथे एकमेकींस ओलांडतात त्याच्या किंचित वर, पेशींचे दोन लहानसे पुंजके आहेत. माणसात त्या पेशी सगळ्या मिळून सुमारे वीस हजार भरतील. डोळ्यांवाटे येणारा प्रकाश पाहून हे पुंजके रोजच्या रोज आपली वेळ लावून घेतात आणि झोप, जाग, अंगाची ऊब इत्यादि व्यवहारांस ताल देतात. ते काढून टाकिले तर उंदराचा दिवस-रात्रीचा क्रम पार विस्कटतो. तो केव्हाही झोपतो व केव्हाही उठतो. पण नवलाची गोष्ट १९७९ साली उघडकीस आली. असे पुंजके काढलेल्या उंदरांसही रोज ठराविक वेळी अन्न दिले, तेव्हा ते अन्नाच्या आधी पूर्वीसारखेच सावध होऊन वाट पाहू लागले! मुख्य घड्याळ बंद पडले तरी जेवणाचे घड्याळ चालूच. याचा अर्थ असा की, प्रकाशावर चालणाऱ्या घड्याळाखेरीज अन्नावर चालणारी दुसरीही व्यवस्था शरीरात आहे.

ही व्यवस्था घडते कशी, याचा उलगडा पुढे जनुकांच्या अभ्यासाने झाला. कोनोप्का व बेन्झर यांनी १९७१ साली फळमाशीत असे एक जनुक शोधिले की, ते बिघडले म्हणजे माशीचे घड्याळ बिघडते. या जनुकापासून पेशीत एक द्रव्य तयार होते. ते पुरेसे साचले म्हणजे स्वतःच त्या जनुकाचे काम थांबविते. कालांतराने ते द्रव्य विरून जाते आणि जनुक पुन्हा कामास लागते. घटिकापात्र भरावे, बुडावे, पुन्हा रिते करून पाण्यावर सोडावे, तसाच हा क्रम. फक्त येथे पात्र भरून पुन्हा रिते होण्यास घटिका न लागता सुमारे एक अहोरात्र लागते. या कार्याचा उलगडा केल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग या तिघांस २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या महाराष्ट्रातही या विषयाचे अध्ययन झाले आहे. अहमदनगर कॉलेजातील प्राणिशास्त्राचे अभ्यासक दिलीप जोशी व त्यांचे सहकारी यांनी हिमालयातील उंच जागच्या फळमाश्यांच्या दैनिक लयीवर उष्णमानाचा काय परिणाम होतो, याचा शोध घेतला.

या शोधातून एक गोष्ट निष्पन्न झाली, ती गृहस्थांनी नीट ध्यानात घ्यावी. असे घटिकापात्र केवळ मेंदूत नसून यकृत, स्वादुपिंड, आतडी, हृदय, किंबहुना शरीरातील बहुतेक पेशींत आहे. मेंदूतील घड्याळ सूर्याकडे पाहते. यकृताचे घड्याळ मात्र ताटाकडे पाहते. २००० साली जिनिव्हा येथील संशोधकांनी उंदरांस, जे स्वभावतः रात्री खातात, केवळ दिवसाच अन्न दिले. काही दिवसांत यकृताचे घड्याळ पार उलटे झाले, म्हणजे तेथे दिवसाची रात्र झाली. मेंदूतील घड्याळ मात्र होते तेथेच राहिले. एकाच घरात दिवाणखान्यातील घड्याळ बारा वाजल्याचे सांगत आहे आणि स्वयंपाकघरातील सहाचे टोले देत आहे, अशा घरी कोणत्या कामास मेळ राहील? शरीराचीही तीच गत होते. २००९ साली अमेरिकेत असे दिसून आले की, ज्या उंदरांस स्निग्ध अन्न त्यांच्या विश्रांतीच्या वेळीच दिले गेले, त्यांचे वजन योग्य वेळी खाणाऱ्या उंदरांपेक्षा पुष्कळ अधिक वाढले. अन्न तेच, वेळ तेवढी चुकीची.

येथवरची चर्चा ऐकून कोणी म्हणेल, हे सारे आमच्या शास्त्रकारांस पूर्वीच ठाऊक होते. आयुर्वेदाने अन्नकाल मानला आहे हे खरे; पूर्वीचे अन्न पचून, शरीर हलके होऊन, क्षुधा उत्पन्न झाली म्हणजे तो अन्नाचा काल, असे तो सांगतो. धर्मशास्त्रानेही गृहस्थाचे भोजन आन्हिकाच्या चौकटीत बसविले. परंतु म्हणून आपल्या पूर्वजांस जनुके ठाऊक होती असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्यांनी दीर्घ अनुभवाने एक नियम बांधला. त्या नियमाच्या मुळाशी काय आहे, हे आज प्रयोगाने कळले. दोन्ही गोष्टींस आपापल्या जागी मान द्यावा, हेच योग्य.

भिंतीवरचे घड्याळ आणि शरीरातील घड्याळ या दोन वस्तू किती भिन्न आहेत, हे आपल्या प्रांताने एकदा चांगलेच अनुभविले आहे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने सर्व हिंदुस्थानाकरिता एक प्रमाण वेळ ठरविली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटे पुढे होती. मुंबईकरांस ती रुचली नाही व त्या शहरात 'मुंबई टाइम' थेट १९५५ पर्यंत टिकून राहिला. महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५ पर्यंत, घड्याळे आणखी एक तास पुढे केलेली होती. या सर्व उलाढालीत गोठ्यातील गाईने मात्र आपला पान्हा सूर्य व धार काढणारा हात या दोहोंवरच ठेविला. सरकारास काटे फिरविता येतात. पेशींतील घटिकापात्र हुकमाने पुढेमागे होत नाही.

हा सर्व विषय आम्हांस आज विशेष महत्त्वाचा वाटतो तो आमच्या ठाण्यातील वागळे इस्टेटमुळे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले व त्याच्या अगदी आरंभीच्या औद्योगिक वसाहतींपैकी ही एक. कारखान्यांच्या भरभराटीच्या काळात येथे तीन पाळ्या चालत, आणि आसपासच्या किसननगर, श्रीनगर, लोकमान्यनगर या वस्त्यांतील घरांचे जेवण कारखान्याच्या भोंग्यावर चाले. ज्याची रात्रपाळी असेल त्याचा डबा रात्री भरावयाचा, तो मध्यरात्री उघडावयाचा, आणि पाळी बदलली की पुढील आठवड्यात सारा क्रम उलटा. पुढे अनेक कारखाने बंद पडले व त्यांच्या जागी काचेच्या उंच इमारती उठल्या. त्यांत संगणकावर काम करणारी तरुण मंडळी बसतात आणि कित्येकांचे यजमान अमेरिकेत असतात. न्यूयॉर्क व ठाणे यांच्या वेळेत ऋतुमानाप्रमाणे साडेनऊ ते साडेदहा तासांचे अंतर पडते. रेनर यांच्या माश्या न्यूयॉर्कास जाऊन पॅरिसच्या वेळेवर जेवल्या; आमची मुले-सुना ठाण्यात बसून न्यूयॉर्कच्या वेळेवर जेवतात. माशीस एकदाच समुद्र ओलांडावा लागला. यांस तो रोज ओलांडावा लागतो, आणि सुटीच्या दिवशी घरच्या पंगतीस बसण्यासाठी पुन्हा परत यावे लागते.

याचा शरीरावर काय परिणाम होतो? २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने, दैनिक लय बिघडविणारे पाळीचे काम मनुष्यास बहुधा कर्करोगकारक आहे, असे मत नोंदविले व २०१९ साली रात्रपाळीच्या बाबतीत ते कायम केले. मधुमेह व स्थूलता यांचे प्रमाणही रात्रपाळी करणाऱ्यांत अधिक आढळते. परंतु हे सांगून नुसते भय घालावे, हा आमचा हेतू नाही. कारण घरचा प्रपंच त्या नोकरीवर चालतो आणि 'नोकरी सोड' हा उपदेश देणाऱ्यास फुकटचा असतो. तेव्हा नोकरी तीच राहून काही करता येईल काय, हे पाहणे अधिक शहाणपणाचे.

या बाबतीत २०२१ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आशा उत्पन्न करणारा आहे. १९ निरोगी तरुण स्त्री-पुरुषांस प्रयोगशाळेत ठेवून रात्रपाळीसारखा जागरणाचा क्रम लावण्यात आला. काहींस रात्रीही जेवण दिले. इतरांस जागरण तितकेच, पण अन्न मात्र दिवसाच्या वेळांतच. रात्री जेवणाऱ्यांच्या रक्तातील साखर सरासरीने ६.४ टक्के वाढली. दिवसाच जेवणाऱ्यांत तशी वाढ दिसली नाही. जागरण दोघांचेही सारखे, फरक केवळ ताटाच्या वेळेचा. प्रयोग लहान होता, प्रयोगशाळेतला होता, हे विसरू नये. तथापि उंदरांवरील प्रयोगांनी जी दिशा दाखविली, तीच याने माणसाच्या बाबतीत दाखविली.

तेव्हा ज्या घरी रात्रपाळीचा माणूस आहे तेथे पुढील गोष्टी करून पाहण्यासारख्या आहेत. कामावर जाण्यापूर्वी सायंकाळी त्यास पूर्ण जेवण वाढावे. डबा द्यावयाचा तो हलका द्यावा, आणि मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत भात, तळण व गोडधोड शक्य तो टाळावे. सकाळी परतल्यावर थोडी न्याहारी करून त्याने झोपावे. ज्या आठवड्यात जी पाळी असेल त्या आठवड्यात तरी जेवणाच्या वेळा रोज बदलू नयेत. मधुमेही असून इन्शुलिन अथवा गोळ्या घेणाऱ्याने मात्र आपल्या वैद्यास विचारल्यावाचून जेवणाची वेळ हलवू नये. तेथे उपवास घातक होतो. घरच्या वडीलधाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. रात्रभर जागून आलेल्या मुलास प्रेमाने का होईना, 'सगळ्यांबरोबर चार घास खा' म्हणून दुपारी झोपेतून उठवू नये. त्याची दुपार म्हणजे आपली मध्यरात्र होय.

रात्रपाळी नसलेल्या घरांसही या विचारातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. दूरचित्रवाणीवरील मालिका संपेपर्यंत पाने खोळंबून ठेवणे, शनिवारी रात्री अकरास जेवून रविवारी दुपारी दोनला न्याहारी करणे, मुलांस येता-जाता डब्यातील खाऊ देत राहणे, या सर्व गोष्टींनी यकृताच्या घड्याळाचे काटे रोज कोणीतरी फिरवीत असते. नियमितपणा म्हणजे मिनिटाचा काटेकोरपणा नव्हे. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे झाल्याने काही बिघडत नाही. पण रोजच्या दोन मुख्य जेवणांस आपापला प्रहर असावा आणि शेवटचे ताट निजण्यापूर्वी दोन-तीन तास तरी उचलले जावे. दारच्या मुक्या प्राण्यांसही हाच न्याय लागू आहे. ज्या कुत्र्यास आपण रोज सायंकाळी सातला भाकरी घालतो, ते पाचपासून आपल्या वाटेकडे डोळे लावून असते. ही वेळ आपण त्याच्या शरीरात लाविलेली आहे. ती पाळणे होत नसेल तर मुळातच लावू नये.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि आमच्या मते तीच सर्वांत निकडीची आहे. एकत्र कुटुंबात सर्वांच्या जेवणाच्या वेळा एक व्यक्ती सांभाळते, आणि तिचीच वेळ कोणी सांभाळीत नाही. मुलांची शाळा, सासऱ्यांची पथ्ये, दिराची पाळी, नवऱ्याची लोकल, पाहुण्यांची गैरसोय या सर्वांचे गणित सांभाळून घरची सून जेव्हा पानावर बसते, तेव्हा एके दिवशी दीड वाजलेला असतो, दुसऱ्या दिवशी तीन, आणि रात्री तर साडेदहा-अकराच. कित्येक घरांत ती स्वतःही कामावरून दमून आलेली असते. तिने रात्रपाळी न करताही तिच्या शरीरास रात्रपाळीच घडते. 'तिला सवय आहे' असे आपण म्हणतो; पण वर पाहिलेच आहे की, रोज बदलणाऱ्या वेळेची सवय माशीसही होत नाही, मग माणसास कोठून होणार?

तेव्हा नियम हवा तर तो सर्वांस हवा. ज्यांस उशीर होणार त्यांचे अन्न झाकून ठेवावे. ते आल्यावर त्यांनी आपल्या हाताने गरम करून घ्यावे, पाणी घ्यावे व ताट धुऊन ठेवावे. घरच्या पुरुषांनी वाढण्याची पाळी आळीपाळीने घ्यावी, म्हणजे करणारणीसही पंगतीत बसता येईल. यात धर्म बुडत नाही व कोणाचा मानही कमी होत नाही. ज्या घरात दारच्या कावळ्याचाही घास ठरल्या वेळी काढिला जातो, त्या घरात अन्न शिजविणारीचे पान ठरल्या वेळी मांडले जाऊ नये, ही गोष्ट आपणांस शोभणारी नाही.